घरच्या तव्यावर टाकोस अल पास्तोर

टाको म्हणजे मक्याच्या छोट्या पातळ पोळीत, म्हणजे टॉर्टियात, भरून खायचा मेक्सिकन पदार्थ. अल पास्तोर म्हणजे मेंढपाळाच्या पद्धतीचं, पण आत असतं पोर्क. लेबनॉनकडून मेक्सिकोत गेलेल्या लोकांनी शवर्माचा, म्हणजे मटण लावून फिरवत भाजायचा, उभा गज सोबत नेला, पुढे मेक्सिकन लोकांनी त्या मटणाच्या जागी डुकराचं मांस आणलं आणि सुक्या मिरच्यांचं स्वतःचं वाटण लावलं. त्या गजावरच्या मांसाच्या ढिगाला तिकडे त्रोम्पो म्हणतात, म्हणजे चक्क भोवरा. आपल्या घरी भोवरा नाही, पण बिडाचा जाड तवा असला तरी मस्त जमतं.

एक किलो पोर्क शोल्डर घ्या, चरबीसकट, चरबी काढून आणलीत तर चामड्यासारखं होणार. पाऊण तास फ्रीजरमध्ये ठेवा म्हणजे जरा कडक होतं, मग अर्ध्या सेंटीमीटरचे पातळ काप सहज निघतात.

वाटणाला खरी मिरची ग्वाहियो, म्हणजे मेक्सिकोची सुकी लाल मिरची, ७-८ पुरतात. नसेल तर बिया काढलेल्या १०-१२ ब्याडगी घ्या, रंग छान येतो, चव थोडी वेगळी पण चालतं. तव्यावर नुसत्या गरम करा, काळ्या झाल्या की कडू लागतात, मग २० मिनिटं गरम पाण्यात भिजवा. त्यात ५-६ लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं, चमचाभर ओरेगॅनो, २ लवंगा, अर्धी वाटी व्हिनेगर, २ चमचे मीठ आणि २ मोठे चमचे आचिओते पेस्ट घालून वाटा आणि कापांना लावा. आचिओते म्हणजे आपली शेंद्री, त्याच बिया. विंदालू करणाऱ्यांना हे वाटण अर्धं ओळखीचंच वाटेल.

आता अननस. ताज्या अननसात ब्रोमेलिन असतं, ते मांसाचे प्रोटीन तोडतं, आणि मी पहिल्यांदा हौसेने अर्धी वाटी ताजा रस घालून रात्रभर ठेवलं तर सकाळी कापांचा लगदा झालेला, अक्षरशः चमच्याने उचलायची पाळी. ताजा रस घातला तर ३-४ तास बास. रात्रभर ठेवायचं असेल तर डब्यातला अननस वापरा, तो गरम करून भरलेला असतो त्यामुळे ब्रोमेलिन मेलेलं असतं.

भाजताना तवा धूर निघेपर्यंत तापवा, जादाचं वाटण निथळून टाका आणि काप एका थरात, सुटे सुटे ठेवा, गर्दी केली की पाणी सुटतं आणि रस्सा होऊन बसतो, टाको राहतच नाही. दोन्ही बाजूंना ३-३ मिनिटं, कडा जळक्या झाल्या पाहिजेत. मग बारीक चिरा आणि त्याच चरबीत परत एकदा परता. अननसाच्या चकत्याही तिथेच भाजून घ्या.

टॉर्टियाला मासा हरिना हे मक्याचं खास पीठच लागतं. त्यातला मका चुन्याच्या पाण्यात शिजवलेला असतो म्हणून पीठ चिकटून येतं, साध्या मक्याच्या पिठाची टॉर्टिया दुमडताना तुटते. २ कप पिठाला साधारण दीड कप कोमट पाणी, लिंबाएवढे गोळे, दोन प्लास्टिकमध्ये ठेवून पुरी प्रेसने दाबा, गरम तव्यावर मिनिटभर इकडून मिनिटभर तिकडून, आणि फडक्यात गुंडाळून ठेवा नाहीतर कडक होतात.

वर मांस, अननस, बारीक कांदा, कोथिंबीर, लिंबू. लेट्यूस, चीज काही नको. चीज हवंच असेल तर उरलेलं मांस दुसऱ्या दिवशी मैद्याच्या टॉर्टियात चीज घालून शेका, त्याला तिकडे ग्रिंगा म्हणतात, पोळीत केलंत तरी कोणी बघायला येत नाही.