शेळी विण्याआधीच्या दोन महिन्यांची तयारी

शेळी फळली ती तारीख आधी वहीत पाहा. त्यात १५० दिवस मिळवले की विण्याचा दिवस कळतो, पाचएक दिवस मागेपुढे धरायचे. पुढची सगळी तयारी या दिवसापासून उलटी मोजायची.

साठ दिवस उरले की दूध आटवा. अजून लिटरभर निघतंय म्हणून धार चालू ठेवावीशी वाटते, पण कासेला विसावा मिळाला नाही तर पुढचं वेत कमी दुधाचं जातं. खुराक थांबवून सुक्या चाऱ्यावर आणलं की दूध उतरू लागतं. या वेतात कासदाह (कासेची सूज) होऊन गेला असेल तर आटवतानाच सडात सोडायचं औषध पशुवैद्यकांकडून घ्या.

आटल्यावर मात्र खुराक थोडाथोडा वाढवत न्या. गर्भाची सुमारे ७० टक्के वाढ शेवटच्या सहा-सात आठवड्यांतच होते. पोटात जुळी-तिळी असली की चाऱ्याला जागा उरत नाही, शेळी अंगातली चरबी जाळायला लागते आणि कीटोसिस, म्हणजे रक्तात कीटोन साठण्याचा आजार, होतो. सगळ्यात जास्त जपायचं ते इथे. शेळी कळपामागे रेंगाळली, खुराकाला तोंड लावेना, तर उद्यावर ढकलू नका. लठ्ठ शेळीलाही हा धोका असतो, म्हणून दर आठवड्याला कमरेवरून हात फिरवा. हाडं हाताला लागावीत, टोचू नयेत.

तीन-चार आठवडे उरले की आंत्रविषाराची (आतड्यात जिवाणूंचं विष तयार होऊन होणाऱ्या आजाराची) लस. ती या वेळी दिली तरच करडांना चिकातून संरक्षण मिळतं. जंतांचा जोर विण्याच्या सुमारास वाढतो, तेव्हा डोळ्याची खालची पापणी उलटून बघा. फिकी दिसली तर लेंडी तपासून, गाभण शेळीला चालणारंच औषध द्या.

कोरडी, वारा न लागणारी जागा, नाळेसाठी टिंक्चर आयोडीन, स्वच्छ फडकी, हातमोजे, थर्मामीटर आणि बाटली आठवडाभर आधी तयार असू द्या. चीक पहिल्या तासात पोटात गेलाच पाहिजे. तीन किलोच्या करडाला दिवसभरात ३०० मिली, तीन-चार वेळा विभागून. कळपात सीएई (चिका-दुधातून करडांना लागणारा शेळ्यांचा विषाणूजन्य आजार) असेल तर करडू आईला लुचण्याआधीच बाजूला घ्या आणि चीक ५६ अंश सेल्सिअसला तासभर ठेवून मगच पाजा. जास्त तापवला तर फाटतो.

जार (वार) साधारण बारा तासांत पडते, ती ओढायची नाही. पशुवैद्यकांचा नंबर गोठ्यात भिंतीवर लिहा. जोराच्या कळा सुरू होऊन अर्धा तास झाला आणि करडू पुढे सरकलं नाही, तर लगेच फोन करा.