टायर मधोमध झिजणे आणि मुरमावर गाडी उडणे: माझा अनुभव

पाटोद्याकडचा आमचा वावराचा रस्ता अर्धा डांबरी, अर्धा मुरमाचा, शेवटी मांजरा नदीची वाळू. जीपला मोठे टायर बसवल्यापासून ती मुरमावर उडायची, वाळूत मागची चाकं रुतायची, टायर मधोमध झिजायचे. शॉकअप बदलले, अलाइनमेंट दोनदा केली, काही फरक नाही. सहा महिने जीव मेटाकुटीला आला. चूक हवेत होती: टायर मोठे, पण हवा जुन्याच सवयीने ३६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप).

सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, स्वतःच्या गेजने हवा मोजा (पंपावरचे काटे एकमेकांशी जुळत नाहीत). गाडीत नेहमीचं वजन ठेवा. टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, खडूची जाड आडवी रेघ ओढा आणि सपाट डांबरावर शंभरेक फूट सरळ चालवा. रेघ फक्त मधून पुसली तर हवा जास्त, फक्त कडांना पुसली तर कमी. दोन-दोन पीएसआयने बदल करत पुन्हा रेघ ओढा. माझी रेघ पुढे २८, मागे ३० वर एकसारखी पुसली.

मग अर्धा तास डांबरावर चालवून लगेच मोजली: २८ ची ३२. एवढी वाढ ठीक. त्याहून बरीच वाढली तर मुळात हवा कमी आहे. टायर गरम झाल्याने वाढलेली हवा मात्र सोडू नका.

वाळूत १८ वर उतरवतो, वेग कमी, झटक्याने वळवत नाही, नाहीतर टायर रिमवरून सुटतो. डांबर लागण्याआधी छोट्या कंप्रेसरने पुन्हा २८-३०.