टीव्हीच्या बॉक्सवर कॉम्प्युटरचं फोल्डर उघडत नसेल तर

आपल्याकडं खेड्यात नेटचा भरवसा नाही, म्हणून लग्नाच्या शूटिंगा, कीर्तनं, पोरांच्या अभ्यासाचे व्हिडिओ एका कॉम्प्युटरात भरून ठेवायचे अन् राउटरवरून टीव्हीवर पाहायचे हे लय कामाचं आहे. याला इंटरनेट लागतच नाही, राउटर इन्व्हर्टरवर चालू असला म्हणजे झालं.

फोल्डर उघडलं नाही की लोक कॉम्प्युटर अन् बॉक्स दोन्हीकडच्या सेटिंगा एकदम बदलत बसतात, मग बिघाड कुठं होता ते समजतच नाही. आधी त्याच वायफायवर असलेल्या फोनमधून, नेटवर्क फोल्डर उघडणारा कोणताही फाइल मॅनेजर घेऊन, तेच फोल्डर उघडून पाहा. फोनवर उघडलं तर बॉक्स पाहा, नाही उघडलं तर कॉम्प्युटर.

कॉम्प्युटरमध्ये नेटवर्क प्रोफाइल पब्लिक असेल तर प्रायव्हेट करा, नाहीतर फायरवॉल आतच येऊ देत नाही. परवानगी दोन जागी लागते, फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधल्या शेअरिंगमध्ये अन् सिक्युरिटी टॅबमध्ये, अन् बहुतेक जण दुसरी विसरतात. लॉगिनचा चार आकडी पिन इथं चालत नाही, खात्याचा पासवर्डच लागतो. माझं म्हणणं, टीव्हीसाठी वेगळा लोकल युजर बनवा, पासवर्ड द्या, फक्त रीडची परवानगी ठेवा, म्हणजे पोरांच्या हातून काही डिलीट होणार नाही. बिनापासवर्डचं शेअरिंग सोडून द्या, विंडोज ११ प्रोमध्ये २४एच२ या अपडेटपासून साइनिंग, म्हणजे प्रत्येक निरोपावर खात्याची सही, सक्तीचं आहे अन् गेस्ट लॉगिनला ते जमत नाही.

आता बॉक्स. कोडीत, म्हणजे बॉक्सवर व्हिडिओ चालवायच्या ॲपमध्ये, ब्राउझ केल्यावर कॉम्प्युटर दिसला नाही म्हणून घाबरू नका, कोडीच्या जुन्या आवृत्त्यांत ती यादी एसएमबी १ वर, म्हणजे नेटवर्कवर फोल्डर शेअर करायच्या पद्धतीच्या जुन्या आवृत्तीवर, चालते. ॲड नेटवर्क लोकेशनमध्ये जाऊन कॉम्प्युटरचा आयपी (राउटरनं दिलेला पत्ता), म्हणजे १९२.१६८.१.२० असं काही, शेअरचं नाव, युजर, पासवर्ड हातानं टाका, पुष्कळदा तेवढ्यानंच होते. कोडी १८ च्या आधीचं असेल तर अपडेट करा, अन् सर्व्हिसेसमधल्या एसएमबी क्लायंटात मॅक्सिमम व्हर्जन ३ ठेवा.

काल चालू होतं अन् आज बंद, असं झालं तर आधी लाइन गेली होती का ते आठवा. राउटर बंद होऊन चालू झाला की कॉम्प्युटरचा आयपी बदलू शकते, म्हणून राउटरमध्ये तो रिझर्व्ह करून ठेवा, म्हणजे दर वेळी तोच मिळेल. घरात दोन राउटर असतील, एक फायबरवाल्याचा अन् एक आपला, तर दोन्ही यंत्रं एकाच राउटरवर घ्या, गेस्ट वायफायवर तर बिलकुल नको.

यूट्यूबवर सांगतात एसएमबी १ चालू करा, ते करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस त्याच्यातल्याच भोकातून पसरला होता, अन् त्याच वर्षी विंडोज १० च्या १७०९ या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टनं ते बंद ठेवणं सुरू केलं. बॉक्स एवढा जुना असेल की त्याला दुसरं काही समजतच नाही, तर विंडोजमधलं मीडिया स्ट्रीमिंग चालू करा अन् बॉक्सवर डीएलएनएमधून (घरच्या नेटवर्कवर व्हिडिओ दाखवायची दुसरी पद्धत) पाहा, त्याला ना युजर लागते ना पासवर्ड.