राउटरमागे ॲल्युमिनियम फॉइल: अंतर चुकलं की सगळं फसतं

वाय-फायचा सिग्नल एका दिशेला वाढवायला राउटरमागे फॉइल लावतात. त्याआधी लॅपटॉप राउटरला केबलने जोडून इंटरनेटचा वेग मोजा. तिथेही कमीच असेल, तर दोष लाइनचा; फॉइलचा उपयोग नाही.

बाहेर अँटेना असलेल्या राउटरसाठी साधारण 20 × 25 सेंमी पुठ्ठा घ्या, त्यावर फॉइल सुरकुत्या न पाडता चिकटवा आणि अँटेनामागे उभा करा. खरी मेख अंतरात आहे. वाय-फाय 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ या दोन बँडवर (लहरींच्या पट्ट्यांवर) चालतं. 2.4 गिगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे 12.5 सेंमी, म्हणून अंतर तिच्या पाव, म्हणजे 3 सेंमी ठेवायचं. परतलेली लाट मग पुढे जाणाऱ्या लाटेत मिसळून तिला बळ देते. 6 सेंमीवर नेमकं उलट होतं, दोन्ही एकमेकींना मारतात. बहुतेक जण इथेच फसतात आणि फॉइलला नावं ठेवतात!

5 गिगाहर्ट्झला मात्र हेच 3 सेंमी घातक, कारण तिथे ती जवळपास अर्धी तरंगलांबी होते. त्यासाठी दीड सेंमीच्या आत या.

पुठ्ठ्यामागच्या खोलीत सिग्नल पडणारच, त्यामुळे राउटर घराच्या कडेला असेल तरच हा खटाटोप करा. हवेची छिद्रं झाकू नका. शेजाऱ्यांच्या वाय-फायची गर्दी असेल तर 2.4 गिगाहर्ट्झसाठी राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनल 1, 6 किंवा 11 यांपैकी मोकळा निवडा.