गोकर्णीच्या फुलांपासून दुधाचा ताजेपणा दाखवणारी पट्टी कशी करावी

एप्रिल-मे महिन्यांत इंदूरचा पारा चाळिशीच्या पुढे सरकला की सकाळचे दूध तापवायला थोडा जरी उशीर झाला, तरी ते नासण्याची धास्ती असते. वास आणि चव यांवरून आपण अंदाज बांधतो खरा, परंतु ज्येष्ठांचे नाक दर वेळी साथ देतेच असे नाही. अशा घरांसाठी गोकर्णीच्या निळ्या फुलांपासून आंबटपणा दाखवणारी कागदी पट्टी सहज करता येते आणि तिच्यामागचे शास्त्र थायलंडमधील संशोधकांनी बराच काळ कसून अभ्यासलेले आहे.

थायलंडमध्ये गोकर्णीला ‘आंचन’ म्हणतात. तिथे तिचे निळे सरबत पितात, दक्षिणेकडील ‘खाव याम’ या पदार्थाचा भात तिच्याच रंगाने निळा करतात आणि तिच्या अर्कात लिंबू पिळून जांभळी मिठाईही रंगवतात. फुलातील रंगद्रव्यांना टर्नॅटिन म्हणतात. ती अँथोसायनिन (फुलाफळांना लाल-निळा रंग देणाऱ्या) वर्गातील असून त्यांच्या रेणूला जोडलेल्या अरोमॅटिक (वलयाकार रचनेच्या) आम्लांच्या साखळ्या रंगाच्या गाभ्यावर दुमडून बसतात, त्यामुळे जांभळाच्या किंवा बिटाच्या रंगापेक्षा हा निळा रंग पाण्यात अधिक काळ टिकतो. आम्लता वाढली की तो जांभळा व पुढे गुलाबी होतो आणि अल्कली वाढली की हिरव्याकडे झुकतो. थायलंड टॅपिओकाचा (ज्या कंदापासून साबुदाणा होतो त्याचा) मोठा निर्यातदार आहे आणि मासे-कोळंबीही परदेशी पाठवतो, त्यामुळे टॅपिओकाच्या स्टार्चपासून केलेल्या, माशाचा ताजेपणा रंगाने सांगणाऱ्या वेष्टनांकडे तेथील विद्यापीठांचे लक्ष वळणे स्वाभाविकच होते.

पट्टीसाठी फवारणी न केलेल्या वेलीची पंधरा-वीस गर्द निळी फुले घ्यावीत आणि देठाकडचा हिरवा भाग काढून केवळ पाकळ्या ठेवाव्यात. अर्धी वाटी पाणी हाताला चटका बसेल इतके गरम करून त्यात पाकळ्या बुडवाव्यात आणि पातेले वीस मिनिटे झाकून ठेवावे. खळखळ उकळल्याने रंग फिका पडतो, म्हणून तो मोह टाळावा. पाण्याची निवड येथे फार महत्त्वाची आहे: बोअरिंगचे पाणी बहुधा जड असते आणि त्यातील बायकार्बोनेटमुळे अर्क सुरुवातीपासूनच हिरवट झाक दाखवू लागतो. केवळ पट्टीसाठी बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी उत्तम, मात्र त्या पाण्याचा अर्क पिऊ नये. आरओचे पाणीही चालते. अर्क गाळून त्यात टीपकागद बुडवावा, सावलीत वाळवावा आणि रंग गडद होईपर्यंत हीच कृती दोन-तीनदा करावी. बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधारात ठेवाव्यात. उजेड, दमट हवा आणि ऊन यांनी रंग उतरतो. पट्टी करड्या रंगाची दिसू लागली की ती टाकून द्यावी.

आता सर्वांत जपून करायचे काम म्हणजे तुलनेचा तक्ता. संशोधक पट्टीचा रंग नुसत्या डोळ्यांनी ठरवत नाहीत, आधी ज्ञात आम्लतेच्या द्रावणांशी ती ताडून पाहतात आणि घरीही हेच करावे. लिंबाचा रस (पीएच, म्हणजे आम्लतेचा अंक, जो जितका कमी तितका पदार्थ आंबट, सुमारे 2 ते 2.5), दह्यावरचे पाणी (सुमारे 4.5), नुकतेच आलेले ताजे दूध (6.6 ते 6.8), पाण्यात विरघळवलेला खायचा सोडा (सुमारे 8.3) आणि चुन्याची निवळी (सुमारे 12) यांचा एकेक थेंब वेगवेगळ्या पट्ट्यांवर टाकावा, एक मिनिट थांबून रंग पाहावा आणि लगेच दिवसाच्या उजेडात मोबाईलने फोटो काढून ठेवावा. पट्ट्या वाळल्या की रंग बदलत जातात, त्यामुळे जपून ठेवलेली वाळकी पट्टी हा विश्वासार्ह नमुना नव्हे. लिंबाने गुलाबी, दह्याच्या पाण्याने जांभळी, सोड्याने निळसर-हिरवी आणि निवळीने हिरवी-पिवळसर अशी साधारण रांग दिसेल.

दूध तपासताना चमचाभर निरसे दूध बाजूला काढावे, पट्टी पातेल्यात बुडवू नये आणि तपासलेले दूध परत ओतू नये. दुधातील स्निग्धांश व प्रथिने यांमुळे पट्टीवर पांढरट थर बसतो व रंग ओळखता येत नाही, यावर साधा उपाय असा की थेंब एका बाजूला टाकावा आणि रंग कागदाच्या मागच्या बाजूने पाहावा. तेथे थर नसतो आणि निळ्यातून जांभळ्याकडे होणारी सूक्ष्म सरकणही दिसते. ही सरकण खरोखरच सूक्ष्म असते, कारण तापवताना दूध फुटू लागते तोवर पीएच सहाच्या आसपास आलेला असतो, म्हणजे ताज्या दुधापेक्षा फरक जेमतेम अर्ध्या-पाऊण अंकाचा. म्हणूनच त्याच डेअरीच्या ताज्या दुधाचा थेंब शेजारी ठेवल्याशिवाय निर्णय घेऊ नये. याउलट, पट्टी ताज्या दुधापेक्षा हिरवट दिसली, तर आंबटपणा दडवण्यासाठी दुधात सोडा घातला असण्याची शंका घ्यावी. ती शंकाच समजावी, खात्री प्रयोगशाळेतच होते.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगणे मला आवश्यक वाटते. ही पट्टी आम्लता दाखवते. रोगजंतू, विषारी बुरशीचे अंश किंवा कीटकनाशके दाखवण्याची शक्ती तिच्यात नाही, आणि अनेक रोगजंतू आम्लतेत काहीही फरक न पाडता अन्नात वाढू शकतात. पट्टी निळी आहे एवढ्यावरून दूध न तापवता लहान मुलाला देणे धोक्याचे आहे.

चिकन, मासे यांसाठी पट्टीऐवजी फिल्म, म्हणजे स्टार्चचा पातळ पापुद्रा, अधिक उपयोगी पडते, कारण तिथे मांस कुजताना अमोनियासारखे बाष्परूपी अमाइन सुटतात आणि फिल्म हिरवी होते. ज्या टॅपिओकाचे स्टार्च थायलंडमध्ये वापरतात, त्याचाच साबुदाणा आपल्या उपासाच्या खिचडीत असतो. दोन छोटे चमचे साबुदाण्याचे बारीक पीठ वाटीभर पाण्यात कालवून, मंद आचेवर सतत ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवावे. उन्हाळ्यात साबुदाण्याच्या पापड्या घालताना चीक जसा दिसतो, तशीच त्याची दाटी असावी. पातेले खाली उतरवून छोट्या चमच्याचा तिसरा हिस्सा ग्लिसरीन घालावे, त्याविना फिल्म वाळून तडकते. मिश्रण कोमट झाल्यावरच गोकर्णीचा दाट अर्क मिसळावा, प्लास्टिकच्या कागदावर पातळ पसरावे आणि सावलीत वाळवून सोलावे. छोटा तुकडा किंचित ओलसर करून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवावा, अन्नाला लागू देऊ नये. फ्रिजमधील थंडीत बदल हळू होतो, म्हणून रंग बदलला नाही तरी मांस दिवसेंदिवस ठेवू नये.

हाच अर्क पिण्याबद्दल विचारणा होते. चुलालाँगकॉर्न विद्यापीठातील संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत 15 निरोगी पुरुषांना साखरेच्या पाण्यासोबत गोकर्णीचा अर्क दिला, तेव्हा रक्तातील साखर केवळ साखरेच्या पाण्यापेक्षा कमी चढली. इतक्या लहान, निरोगी गटावरून मधुमेहाचे औषध कमी करणे चूक ठरेल. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गर्भवतींनीही हा अर्क घेऊ नये.

उष्णता दाखवणारे रंगीत पदार्थ मात्र घरी करता येत नाहीत. चुलालाँगकॉर्न आणि नारेसुआन विद्यापीठांत पॉलिडायअॅसिटिलीन या निळ्या पॉलिमरवर काम झाले आहे. तापल्यावर तो लाल होतो आणि झिंक ऑक्साइडच्या सूक्ष्म कणांशी जोडल्यास थंड झाल्यावर पुन्हा निळा होऊ शकतो. तो तयार करायला अतिनील किरणांची गरज असते, जी डोळ्यांना व त्वचेला अपाय करतात. उष्णतेने रंग बदलणारे एक लेबल आपल्या नजरेसमोरून गेलेलेही असेल. 1996 पासून तोंडावाटे देण्याच्या पोलिओ लसीच्या कुपीवर वर्तुळ आणि त्याच्या आत चौकोन छापलेले असतात, आणि लसीला जितकी अधिक उष्णता लागते तितका हा चौकोन कायमचा गडद होत जातो. बाळाला थेंब पाजण्याआधी परिचारिकेला कुपी दाखवायला सांगावे: आतील चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल आणि मुदत संपलेली नसेल, तरच लस वापरण्याजोगी असते. चौकोन वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला असेल, तर दुसरी कुपी मागावी.