मॅक्रो छायाचित्रण : मिलिमीटरच्या हिशेबातील चुका

जांबोटीजवळ भाताच्या बांधावर समोरून टिपलेल्या टाचणीचे (चतुरासारख्या सडपातळ कीटकाचे) डोळे लख्ख आले, पण पोटापासून शेपटीपर्यंतचा भाग पार विरघळून गेला. लेन्सला बोल लावण्याआधी मी हिशेब मांडला. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १:१ प्रमाणात, म्हणजे सेन्सरवर कीटक खऱ्या आकाराचा उमटतो तेव्हा, एफ/११ ला (हा लेन्सच्या छिद्राचा, म्हणजे अ‍ॅपर्चरचा आकडा; तो जितका मोठा तितके छिद्र बारीक), डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे चित्रात स्पष्ट येणारी खोली, जेमतेम १.३ मिलिमीटर मिळते आणि टाचणी तर तीन-चार सेंटिमीटर लांब असते.

अशा वेळी बहुतेक जण अ‍ॅपर्चर थेट एफ/२२ वर नेतात, आणि हीच सर्वांत महागात पडणारी चूक आहे. खोली वाढून अडीच मिलिमीटरच्या आसपास जाते खरी, परंतु १:१ ला लेन्सचे प्रत्यक्ष अ‍ॅपर्चर सुमारे एफ/४४ इतके बारीक होत असल्यामुळे प्रकाशाच्या विवर्तनाने (बारीक छिद्रातून जाताना तो पसरल्याने) संपूर्ण चित्रच मऊ पडते. त्यापेक्षा बांधावर गुडघे टेकावेत, चिखलाची पर्वा करू नये आणि सेन्सर कीटकाच्या अंगाला समांतर येईल अशा रीतीने बाजूने कॅमेरा धरावा. मग त्याच १.३ मिलिमीटरमध्ये डोळ्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ सारे सामावते. थोडे मागे सरून १:२ प्रमाणात (सेन्सरवर अर्ध्या आकारात) टिपल्यास एफ/११ लाच सुमारे चार मिलिमीटर मिळतात, आणि चित्र नंतर कातरता येते.

जास्त फोकल लांबीची लेन्स घेतल्याने खोली बदलेल, हा समजही सोडावा. प्रमाण आणि अ‍ॅपर्चर तेच असेल तर ती जवळपास तेवढीच राहते. फक्त कीटकापासून दूर राहता येते, जे बुजऱ्या टाचणीसाठी सोयीचे आहे.

ऑटोफोकसवर विसंबू नये. श्वासासरशी आपले शरीर मिलिमीटरभर तरी हलतेच, म्हणून फोकस हाताने ठरवून, किंचित पुढे-मागे झुकत सलग फ्रेम घ्याव्यात आणि डोळा नेमका टिपलेली एक ठेवावी.

फोकस स्टॅकिंगचे, म्हणजे वेगवेगळ्या अंतरावर फोकस केलेल्या फ्रेम जोडून एक चित्र करण्याचे, आकर्षण मलाही आहे. मात्र कणकुंबीच्या वाऱ्यात डोलणाऱ्या पात्यावर ते निभत नाही. दोन फ्रेममध्ये पाते सरकले की जोडलेल्या चित्रात मिशा दुहेरी उमटतात. कुजक्या ओंडक्यावरच्या अळंब्यांसाठी ते राखून ठेवावे, तेही ट्रायपॉड भक्कम रोवून.