वेगळं झाल्यावर मुलाचा ताबा आणि भेटीच्या वेळा कशा ठरवून घ्याव्यात

आदेशात एवढंच होतं: ‘वडिलांनी पंधरवड्यातून एकदा मुलीस भेटावे.’ वडील स्वारगेटहून सकाळच्या गाडीने साताऱ्याला यायचे. आई म्हणायची, या पंधरवड्यातलं झालं की. ते म्हणायचे, तो मागचा पंधरवडा. सहा वर्षांची पोर स्टँडवरच्या बाकावर पाय हलवत बसलेली, मांडीवर दप्तर, दप्तरात अर्धा उरलेला डबा. ‘पंधरवडा’ या एका शब्दापायी कितीतरी महिने गेले. पुढे कोर्टाने ‘दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी १० ते संध्याकाळी ६’ असं लिहून दिलं तेव्हा निम्मं भांडण मिटलं. उरलेलं निम्मं डब्यावरून होतं, त्याला कायद्यात उपाय नाही.

मी वकील नाही. विधी सेवेची स्वयंसेवक म्हणून कोर्टात येणाऱ्यांना अर्ज कुठे द्यायचा, कागद कुठले जोडायचे एवढं सांगते. तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

१. आधी शब्द सुटे करा

लोक ‘ताबा’ या एकाच शब्दात सगळं कोंबतात. सातबारा पाहिलेल्या माणसाला फरक चटकन कळतो. अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या, मुलाच्या नावावर जमीन असली की ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालन कर्ता) म्हणून आईचं किंवा वडिलांचं नाव लागतं. हे पालकत्व: मुलाच्या वतीने सही कोण करणार, त्याची मालमत्ता कोण सांभाळणार. ताबा म्हणजे मूल रोज कुणाच्या घरी झोपतं, शाळेची रिक्षा कुणाच्या दारात थांबते. आणि ज्याच्याकडे ताबा नाही त्याला मिळते ती भेट. वकील मंडळी तिला ॲक्सेस म्हणतात. ताबा एकाकडे गेला म्हणून दुसऱ्याचं पालकत्व आपोआप संपत नाही.

२. कायदा काय बघतो ते समजून घ्या

हिंदू कुटुंबांसाठी १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा आहे. त्याच्या कलम ६ प्रमाणे नैसर्गिक पालक वडील, ‘आणि त्यांच्यानंतर’ आई. गीता हरिहरन यांच्या खटल्यात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने या ‘नंतर’चा अर्थ ‘मरणानंतर’ असा न घेता ‘वडील नसताना’ असा घेतला. त्याच कलमात ५ वर्षांच्या आतल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा असं आहे. ‘सामान्यतः’वर बोट ठेवून वाचा, वडिलांना तो नियम मोडून काढता येतो, फक्त कारण भक्कम लागतं. कलम १३ या सगळ्याच्या वर बसतं: मुलाचं कल्याण आधी. त्यामुळे ‘मुलगा आमच्या वंशाचा, तो आमच्याकडेच राहणार’ हे वाक्य ओसरीवर चालतं, कोर्टात नाही.

सर्व धर्मांना लागू असलेला १८९० चा पालक व पाल्य कायदाही हेच पाहायला सांगतो. मुलाचं वय, मागणाऱ्याची वागणूक आणि कुवत, मुलाशी असलेली जवळीक. मूल समजत्या वयाचं असेल तर त्याची इच्छाही. न्यायाधीश अनेकदा मुलाशी स्वतःच्या दालनात बोलतात. कृपा करून पोराला पढवू नका. ‘पप्पा उदरनिर्वाह करत नाहीत’ असं सात वर्षांचं मूल आपणहून बोलत नाही, आणि हे समोरच्या न्यायाधीशांना कळतं.

३. योग्य दारात जा

घटस्फोटाचा दावा चालू असेल तर त्याच कोर्टात हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली अर्ज करता येतो. दावा नसेल तर १८९० च्या कायद्याखाली स्वतंत्र अर्ज, आणि तो मूल जिथे नेहमी राहतं त्या जिल्ह्यात. मूल आईबरोबर विट्यात राहून तिथल्याच शाळेत जात असेल तर सांगली जिल्हा. लग्न कराडला लागलं होतं हा मुद्दा इथे कामाचा नाही. मारहाणीचं प्रकरण असेल तर २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम २१ खाली दंडाधिकारी तात्पुरता ताबा देऊ शकतात, आणि भेटीने मुलाला धोका दिसला तर भेट नाकारूही शकतात.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय शोधा. बायकांना आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत वकील मिळतो. फोनवर विचारायचं तर १५१००.

४. कागद

जन्मदाखला, शाळेचं बोनाफाईड, फीच्या पावत्या, लसीकरणाचं कार्ड, दवाखान्याचे कागद. पोटगीचा प्रश्न आला की दोघांनाही मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून ते बंधनकारक आहे. शेतीचं उत्पन्न कागदावर दिसत नाही असं आपल्याकडे बरेच जण धरून चालतात. ऊसबिल बँकेत जमा होतं, दूधबिलही होतं, आणि पासबुक मागवता येतं.

५. वेळापत्रक स्वतः लिहून न्या

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. समुपदेशकासमोर किंवा मध्यस्थीत बसाल तेव्हा रिकाम्या हाताने बसू नका. कॅलेंडर घ्या, मुलाच्या शाळेची सुट्ट्यांची यादी घ्या आणि वर्ष खरोखर आखा.

नेहमीची भेट वार आणि वेळेसकट. मूल कुठे द्यायचं, कुठे घ्यायचं: स्टँड, आजोळ की शाळेचं फाटक? आणायला कोण जाणार, तिकीट कुणाचं, गाडी चुकली तर किती वेळ थांबायचं? मी अर्धा तास लिहायला सांगते आणि त्यापुढे फोन करणं सक्तीचं. मूल आजारी पडलं तर बुडालेल्या भेटीची भरपाई कुठल्या दिवशी, तेही लिहा.

सणांवर नीट वेळ द्या, कारण भांडणं तिथेच पेटतात. दिवाळीचे अर्धे दिवस इकडे, अर्धे तिकडे, आणि पुढच्या वर्षी उलट. गणपती कुणाच्या घरी बसतो ते पाहून. बेंदूर आणि गावची जत्रा यांचा उल्लेख वकिलाच्या छापील मसुद्यात सहसा नसतो, पण आजोबांच्या बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावायला पोराला जायचंच असतं. म्हणून ते तुम्हीच घाला. उन्हाळी सुट्टी ‘निम्मी’ असं लिहू नका. ‘१ मे सकाळी १० ते २० मे संध्याकाळी ६’ असं लिहा.

मधल्या दिवसांसाठी फोन. यशिता साहू प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पालकांचा सहवास हा मुलाचा हक्क मानला आणि लांब राहणाऱ्या पालकाला व्हिडिओ कॉलवर बोलू द्यावं असं म्हटलं. वेळ ठरवा, समजा बुधवारी आणि रविवारी रात्री ८ ला १५ मिनिटं. त्या वेळी मागे उभं राहून उत्तरं सुचवायची नाहीत. हे कागदावर लिहिता येत नाही, पाळता येतं.

शाळेच्या पालकसभेला कोण जाणार, प्रगतिपुस्तकाची प्रत दोघांना मिळणार का, ऑपरेशनची वेळ आली तर संमती कुणाची, पासपोर्ट कुणाकडे राहणार? आज किरकोळ वाटतं. मूल दहावीत जाईपर्यंत यातलं प्रत्येक एकदा तरी समोर येतं.

६. निकालाची वाट बघत बसू नका

मूळ अर्जाला वर्ष-दोन वर्षं सहज लागतात, आणि तीन वर्षांच्या मुलाला तेवढ्यात चेहरा परका होतो. पहिल्या तारखेलाच अंतरिम भेटीचा अर्ज द्या. मुलाच्या खर्चाचा आणि शिक्षणाचा अंतरिम अर्ज कलम २६ खाली असेल तर नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कायदाच म्हणतो. ‘शक्यतो’मुळे तारखा पडतात, पण वकिलाला आठवण करून द्यायला ते कलम हाताशी असू द्या.

७. आदेश मिळाल्यावर

एक वही करा. तारीख, मूल किती वाजता दिलं, किती वाजता परत आलं. शेरे लिहू नका, वेळा लिहा.

पोटगी थकली म्हणून भेट अडवू नका, आणि भेट मिळाली नाही म्हणून पोटगी बंद करू नका. दोन्ही बाजू हेच करतात आणि दोन्ही बाजू कोर्टात उघड्या पडतात. पोटगीसाठी वसुलीचा अर्ज आहे, भेटीसाठी अंमलबजावणीचा अर्ज आहे. वही तेव्हा उपयोगी पडते. शाळेतून मूल परस्पर उचलून नेणं हा तर सगळ्यात वाईट मार्ग. हातातली बाजू माणूस एका दुपारी घालवून बसतो.

ताब्याचा आदेश दगडावरची रेघ नसतो. आईची बदली झाली, वडिलांनी दुसरं लग्न केलं, मूल मोठं होऊन क्लासला जायला लागलं, तर फेरबदल मागता येतो. मूल १८ वर्षांचं झालं की विषय संपला.

जिल्ह्याचा आदेश मान्य नसेल तर अपिलासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं आणि सातारा, सांगली दोन्ही त्यात येतात. मुदत मात्र आदेश हातात पडला त्याच दिवशी वकिलाला विचारून घ्या. आणि नुसता शनिवारचा रविवार करून हवा असेल तर कोल्हापूरही नको. तो अर्ज आदेश देणाऱ्या कोर्टातच द्यायचा, तोही दोघांच्या सहीने गेला तर बहुधा एका तारखेत काम होतं.